पडद्यावरचा इतिहास : खेळावा की टाळावा?

घाटकोपर-मुलुंडपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंत कोणत्याही घरी गेले तरी हल्ली एक तक्रार हमखास ऐकू येते. मुलगा, आणि आता मुलगीसुद्धा, तासन्‌तास गेम खेळत बसते. अभ्यास बुडतो, डोळे बिघडतात, वीज जळते ती वेगळीच. बाप विचारतो, "हे बंद कसे करावे?" आई विचारते, "त्यात निदान काही घेण्यासारखे असते काय हो?" आमच्या मते आईचा प्रश्न अधिक शहाणपणाचा आहे. बंद करावे की न करावे हे ठरवण्यापूर्वी आत काय आहे ते पाहिले पाहिजे. कारखान्याच्या फाटकाबाहेर उभे राहून आतल्या कामाविषयी मत ठोकणारा पुढारी आम्ही कधी मानला नाही. तोच न्याय येथेही लावणे भाग आहे.

व्याख्यानमालेच्या श्रोत्यांना हा विषय पोरकट वाटण्याचा संभव आहे. परंतु कादंबरी वाचून मुली बिघडतील काय, नाटके पाहून तरुण वाया जातील काय, बोलपट पाहावा की पाहू नये, यांवर आपल्या आजोबा-पणजोबांनी कडाक्याचे वाद घातले आहेत. त्या वादांचा निकाल असा लागला की, सरसकट चांगले किंवा सरसकट वाईट असे काही नसते. एकेक कृती हातात घेऊन नाण्यासारखी वाजवून पाहावी लागते. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात, युनियनच्या कचेरीत आणि अशाच व्याख्यानांच्या मागच्या रांगेत बसून. संघटनेच्या कामात संगणकावर चित्रे काढणारी आणि हे खेळ तपासणारी तरुण मुले भेटू लागली, तेव्हा त्यांच्याकडून हा विषय समजून घेतला आणि एक खेळ आरंभापासून अखेरपर्यंत खेळून पाहिला. त्याच खेळाविषयी आज मुख्यतः सांगावयाचे आहे.

ज्यांनी असा खेळ कधी हातात धरला नाही, त्यांच्यासाठी प्रथम थोडा खुलासा करतो. या जातीच्या खेळात पडद्यावर एक पात्र असते आणि ते आपल्या बोटांच्या हुकमाने चालते. एका बटणाने ते उडी मारते, दुसऱ्याने शस्त्र चालवते, तिसऱ्याने शत्रूचा वार चुकवते. वाटेत दऱ्या असतात, भिंती असतात, बंद दरवाजे असतात; कोठे लढून, कोठे चढून, तर कोठे डोके चालवून कोडे सोडवून पुढे जायचे असते. पात्र मेले तर खेळ संपत नाही. थोडे मागे नेऊन तेथूनच पुन्हा सुरू करून देतात. म्हणजे नाटक-सिनेमापेक्षा यात एक गोष्ट वेगळी आहे. तेथे आपण नायकाकडे पाहतो; येथे नायकाचे हातपाय आपण हलवतो. त्यामुळे अशा खेळात काय दिसते एवढे विचारून भागत नाही. खेळ आपल्या हाताकडून काय करवून घेतो, हेही विचारले पाहिजे.

असे साहसाचे खेळ जुन्या काळाच्या पार्श्वभूमीवर रचण्याची मोठी चाल आहे. बहुतेक खेळ परदेशात तयार होतात. परंतु आम्ही निवडलेला खेळ आपल्या पुण्यात तयार झाला. त्याचे नाव 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक'. नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा स्टुडिओने तो केला. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड हे त्याचे संस्थापक. 2017 साली त्यांनी इंटरनेटवरून लोकवर्गणी मागितली, पण ठरवलेली रक्कम जमली नाही. तरी काम सोडले नाही. 2020 च्या ऑगस्टमध्ये खेळ प्रथम निन्टेन्डो स्विच या यंत्रावर आला आणि ऑक्टोबरमध्ये संगणकावर व इतर यंत्रांवर. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स' या जागतिक सोहळ्यात नवोदितांच्या पहिल्या खेळासाठी जे पारितोषिक असते, त्याच्या अखेरच्या पाच नावांत 'राजी'चे नाव होते. पारितोषिक दुसऱ्या खेळाला गेले; परंतु वर्गणीची झोळी रिकामी परत आलेल्या मंडळींनी तीन वर्षांत तेथवर मजल मारली, ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे.

कथा साधी आहे. राजी आणि गोलू ही पोरकी बहीण-भावंडे, गावोगाव खेळ करणाऱ्या फिरत्या मंडळीतली. राखी पौर्णिमेच्या दिवशी असुर चाल करून येतात आणि मुलांना पळवून नेतात. त्यांत गोलूही जातो. राजीला दुर्गेकडून त्रिशूळ मिळतो, पुढे विष्णूकडून धनुष्य मिळते, आणि महाबलासुराच्या मागावर ती भावाला शोधत निघते. दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून ही कथा आपल्याला ऐकू येते. राखी बांधून घेणाऱ्या भावाने बहिणीचे रक्षण करावे, असा आपल्याकडचा संकेत. येथे रक्षण करणारी बहीण आहे, आणि तीही राजकन्या नव्हे. रस्त्यावर कसरती करून पोट भरणारी मुलगी आहे. एवढ्यासाठीच आमच्या मनात या खेळाविषयी आदर निर्माण झाला.

त्या कसरतीही पाहण्यासारख्या आहेत. राजी खांबाला धरून गरगर फिरते आणि त्याच वेगात शत्रूवर झेपावते. भिंतीवर चार पावले धावते. एका कड्यावरून दुसऱ्या कड्याला लटकते. महाराष्ट्रातल्या माणसाला हे पाहून मल्लखांबाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. कथेचा पुढचा भाग जेथे निवेदनाने सांगावयाचा असतो, तेथे सावलीच्या बाहुल्या पडद्यावर येतात. कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या चामड्याच्या बाहुल्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना ही रीत परकी वाटणार नाही. भिंतींवर पहाडी शैलीच्या वळणाची चित्रे आहेत. त्यांच्यापुढे उभे राहिले की त्या त्या देवाची कथा ऐकायला मिळते. महाल आणि गढ्या राजस्थानी वळणाच्या, दगडी जाळ्या, छत्र्या, पाण्याची कुंडे. मंडलाकार चक्रे फिरवून चित्र जुळवण्याची कोडी आहेत. चित्र जुळले की राजीची एखादी जुनी आठवण उलगडते. संगणकावर काम करणाऱ्या आपल्या मुलांच्या हातात काय ताकद आहे, हे पाहावयाचे असेल तर एवढा भाग पुरेसा आहे.

आता दोषांकडे वळू. खेळ लहान आहे. पाच-सहा तासांत संपतो. लढाई पुष्कळदा अडखळते: बटण दाबले आणि पात्राने ऐकले यांत मध्येच क्षणभराची फट राहते, आणि त्या फटीत असुर वार करून मोकळा होतो. पुढेपुढे तीच ती झुंज पुन्हा येते. आणि शेवट असा तुटक की, पडदा पडला की कोणी ओढला, असा प्रश्न पडावा. भाषेची अडचण तर मोठीच आहे. मूळ संवाद इंग्रजीत; 2022 च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आले. पुण्यात झालेल्या खेळात मराठी नाही. भांडवल परदेशी बाजारातून उभे करावयाचे म्हटल्यावर असे होते, हे आम्हाला कळते. पण भांडुपच्या चाळीतली आजी नातवाशेजारी बसून ही कथा ऐकू शकत नाही, हे दुःख त्यामुळे कमी होत नाही.

येथे कोणी विचारील की, हा इतिहास आहे काय? तर नाही. आपल्या रंगभूमीने पौराणिक नाटक आणि ऐतिहासिक नाटक असे दोन निराळे कप्पे केले, ते उगाच नव्हे. 'राजी' पहिल्या कप्प्यातला खेळ आहे. त्यातली वास्तू मध्ययुगीन, देवकथा त्याहून कितीतरी जुन्या, आणि नायिका आजच्या काळातही शोभावी अशी. हे मिश्रण समजून खेळले तर त्यात वावगे काही नाही. पुराणकथेतून खरी गोष्ट सांगता येत नाही असेही नव्हे. खाडिलकरांचे 'कीचकवध' 1907 साली रंगभूमीवर आले. प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, आणि 1910 साली सरकारने नाटकावर बंदी घातली. महाभारतातली कथा, पण वार वर्तमानावर! तेव्हा पौराणिक आहे म्हणून खेळ हलका ठरत नाही. मात्र मुलाने 'राजी' खेळून "प्राचीन भारत असा होता" असे म्हटले, तर तेथे त्याला थांबवलेच पाहिजे.

आमचा खरा आक्षेप मात्र निराळाच आहे, आणि तो एकट्या 'राजी'वर नाही. या खेळातून फिरताना गढ्या दिसतात, महाल दिसतात, बागा दिसतात. पण पाथरवट दिसत नाही, पखालवाला दिसत नाही, भट्टीवरचा लोहार दिसत नाही. असुरांनी गावे ओस पाडली असे कथेतले कारण त्याला देता येईल. तरीही एवढी कुंडे कोणी खोदली, हा प्रश्न खेळणाऱ्याच्या मनात येईल अशी सोय कोठेच नाही. सगळे जग जणू एका वीराला उड्या मारता याव्यात म्हणून उभे आहे.

ज्या खेळात कामगार दिसतात, तेथे तरी काय स्थिती आहे? युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा 'अ‍ॅसॅसिन्स क्रीड सिंडिकेट' हा खेळ 2015 सालचा. त्यात 1868 चे लंडन उभे केले आहे: गिरण्यांचा धूर, थेम्स नदी, घोडागाड्या, झोपडपट्ट्या. साक्षात कार्ल मार्क्स त्यात भेटतात आणि पंजाबचे महाराज दुलीपसिंगही भेटतात. त्यातली एक कामगिरी अशी आहे की, कारखान्यात राबणाऱ्या लहान मुलांची सुटका करावयाची. खेळणारा भिंत चढून आत शिरतो, पहारेकऱ्यांना लोळवतो, मुलांना एकेक करून गाठतो आणि मुले पळून जातात. पाहताना छाती फुगते. आमचीही फुगली असती, जर खरी मुले कशी सुटली हे ठाऊक नसते तर.

खरी मुले सुऱ्याने सुटली नाहीत. इंग्लंडात 1833 पासून एकामागून एक कायदे करून घ्यावे लागले. खेळातल्याच 1868 साली मँचेस्टरला कामगार संघटनांची पहिली ट्रेड्स युनियन काँग्रेस भरली. आणि आपल्या मुंबईत? 1881 च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घेण्यास बंदी झाली. सात ते बारा वर्षांच्या मुलांनी मात्र दिवसाला नऊ तास राबावे, याला कायद्याची हरकत नव्हती! नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारी कमिशनपुढे ठेवले. 1890 साली गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. 1891 च्या कायद्याने मुलांच्या वयाची मर्यादा सातावरून नवावर गेली आणि त्यांचे तास सातावर आले. दोन वर्षे वय वाढवण्यासाठी आणि दोन तास कमी करण्यासाठी दहा वर्षे लागली. आज आपण रविवारी निवांत व्याख्यान ऐकतो, तो रविवार असा आलेला आहे.

यावर तरुण मंडळी आम्हाला उत्तर देतात की, "काका, सह्या गोळा करण्याचा खेळ कोण खेळणार? खेळ तो खेळ!" उत्तर चटपटीत आहे, पण आम्हाला ते पटत नाही. अनेकांनी मिळून एक गोष्ट साधणे यात गंमत नसते, असे मराठी मुलाने तरी म्हणू नये. दिवाळीत इमारतीच्या कोपऱ्यात किल्ला होतो. एक मुलगा माती आणतो, दुसरा विटा, तिसरी हळीव पेरते, चौथ्याच्या घरून मावळे येतात. तोही ऐतिहासिक खेळच आहे. कबड्डी घ्या. बाद झालेला गडी तेथे आपल्या बळावर जिवंत होत नाही. त्याच्या सोबत्यांनी पलीकडचा गडी मारला म्हणजे तो उठून आत येतो. पडद्यावरच्या खेळात मेलेला वीर बटण दाबताच स्वतःच उठतो. या दोन रीतींत जो फरक आहे, तोच आमच्या आक्षेपाचा गाभा आहे. एक रीत मुलाला शिकवते की, मी पडलो तर माझे सोबती मला उठवतील, म्हणून तेही पडू नयेत हे मी पाहिले पाहिजे. दुसरी शिकवते की, मी एकटा पुरेसा आहे. उद्या हाच मुलगा नोकरीला लागेल, पगार थकेल, किंवा एका सकाळी "येऊ नका" असा निरोप येईल, तेव्हा एकट्याने उडी मारण्याची सवय त्याच्या काय कामाला येणार?

आणि ही गोष्ट हे खेळ बनवणाऱ्यांनाही लागू आहे. खेळ संपला की नावांची यादी वर सरकू लागते. मुले ती टाळून पुढे जातात. आम्ही ती मुद्दाम थांबून पाहतो. चित्रकार, संगीतकार, आवाज देणारे, दोष हुडकण्यासाठी एकच भिंत दोनशे वेळा चढून पाहणारे तपासनीस! लालबहादूर शास्त्री मार्गावर कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत एके काळी कारखान्यांची रांग होती. तेथे आज मॉल आणि मनोरे आहेत. त्या कारखान्यांतल्या माणसांची नातवंडे आता संगणकापुढे बसतात. त्यांच्या हाताला तेल लागत नाही म्हणून ते कामगार नव्हेत असे ज्यांना वाटते, त्यांनी एक उदाहरण पाहावे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' या जुन्या गाजलेल्या खेळाची नवी आवृत्ती 2020 साली जाहीर झाली, तेव्हा तिचे काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई येथील स्टुडिओंकडे होते. 2022 साली ते काम कॅनडातल्या माँट्रियलच्या स्टुडिओकडे गेले. कंपनीला तसे करण्याची कारणे असतील; आमचा मुद्दा एवढाच की, गिरणी हलवायला यंत्रे उचलावी लागत, हे काम मात्र एका निरोपासरशी सातासमुद्रापार जाते. त्याच 2022 साली अमेरिकेतल्या रेव्हन सॉफ्टवेअर या कंपनीत खेळ तपासणाऱ्यांनी मतदान घेऊन आपली संघटना स्थापन केली. पडद्यावर एकट्या वीराचे खेळ तपासणाऱ्यांनी स्वतःच्या प्रश्नासाठी मात्र जुनाच मार्ग धरला, यात मोठा अर्थ आहे.

मग 'राजी' खेळावा काय? आमचे उत्तर आहे, होय, खेळावा. पण तीन अटींवर.

पहिली अट अशी की, मुलाला खेळ देऊन आपण दुसऱ्या खोलीत जाऊ नये. पाच-सहा तासांचा खेळ आहे. चार-पाच संध्याकाळी वाटून घ्यावा आणि शेजारी बसावे. इंग्रजी-हिंदी न कळणाऱ्या आजीला गोष्ट मराठीत सांगण्याचे काम नातवावर सोपवावे. सांगता सांगता तो गोष्ट नीट ऐकू लागेल, आणि आजी त्याला पुराणातले चार बारकावे जास्तीचे सांगेल.

दुसरी अट अशी की, प्रत्येक टप्प्याला मुलाला एक प्रश्न विचारावा: हे कोणी बांधले? उत्तर खेळात नाही म्हणूनच विचारावा. ज्या मुलाला हा प्रश्न विचारण्याची सवय लागली, तो पुढे कोणताही खेळ खेळो, कोणताही सिनेमा पाहो, कोणाचेही भाषण ऐको, सहजासहजी फसणार नाही.

तिसरी अट पायांची आहे. खेळ संपल्यावर एखाद्या रविवारी मुलांना घेऊन बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरीला जावे. शंभराहून अधिक लेणी, इसवी सनाच्या आरंभापासून सुमारे हजार वर्षे काळ्या पाषाणात कोरलेली. पडद्यावरच्या महालाला हात लावता येत नाही. येथे छिन्नीचा घाव बोटाला लागतो. पावसाचे पाणी कातळातल्या पन्हळींतून टाक्यांत कसे साठवले, ते नीट दाखवावे. आणि मुख्य म्हणजे तेथले शिलालेख दाखवावेत. ते दान देणाऱ्यांचे आहेत, आणि दान देणारे सगळेच राजे नव्हेत. त्यांत व्यापारी आहेत. कल्याणचा सोनार आहे, लोहारही आहे. राबणाऱ्या माणसाने आपल्या कमाईतून काही दिले आणि आपल्या धंद्यासह आपले नाव दगडावर कोरून ठेवले, ते अठराशे-एकोणीसशे वर्षे तेथे आहे.

अजून एक मागणे आहे, पण ते पालकांकडे नाही. खेळ बनवणाऱ्या तरुणांकडे आहे. तुमच्या हातात कसब आहे, हे 'राजी'ने सिद्ध केले. आता कान्हेरीचा लोहार, लोखंड्यांच्या सभेत अंगठा उठवणारी गिरणीतली बाई, पाण्याच्या एका नळासाठी चाळ एक करणारी पोरे, यांच्यावर एक खेळ रचा. त्यात पडलेला गडी सोबत्यांनीच उठवावा, आणि तो मराठीत बोलावा. तो खेळ ज्या दिवशी येईल, त्या दिवशी शेजारी कोणी बसो न बसो, मुलाला खुशाल खेळू द्यावा.